शेपटीखालची पिशवी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाच्या लशीबद्दल चार ओळी छापल्या होत्या, त्यात ‘बर्सा’ हा शब्द एकदाच, तोही जाताजाता आला होता. पण या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न त्या एका शब्दावरच, त्यामुळे यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. गोचीड आणि जंतनाशकवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

चिपळूणहून एक ताई विचारतात: आमच्या परसात दहा-बारा गावठी कोंबड्या असतात, कापतो-साफ करतो घरीच. मागच्या रविवारी तलंग कापली तर आतड्याच्या अगदी शेवटी, मागच्या वाटेच्या वरच्या बाजूला बोराएवढी पिवळट गोळी मिळाली, चिरली तर आत घड्याच घड्या. गणपतीनंतर म्हातारी कोंबडी कापली होती, तिच्यात असलं काही नव्हतं. सासूबाई म्हणतात गाठ आहे, खाऊ नका. खरंच गाठ असते का?

उत्तर: ताई, गाठ नाहीये, तुम्हाला मिळाला तो बर्सा. पूर्ण नाव बर्सा ऑफ फॅब्रिशिअस. तरुण कोंबडीत तो असायलाच हवा, आणि म्हातारीत नव्हता तेही बरोबरच आहे, कारण कोंबडी वयात यायला लागली की तो आकसत जातो आणि अंड्यावर येऊन काही महिने झाले की शोधूनही सापडत नाही. वाढायचा वेग पिल्लाच्या पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त, मग दोन-तीन महिने तो ऐन भरात असतो आणि नंतर उतार.

एक घोळ आधी मिटवते. शेपटीच्या वर, कातडीखाली एक तेलाची गाठ असते, कोंबडी चोचीनं तेल काढून पिसांना लावते ती. वास येतो म्हणून बऱ्याच घरात ती आधी कापून टाकतात. ती वेगळी, तिचा आणि बर्साचा काही संबंध नाही. बर्सा पोटाच्या आत असतो. पुढच्या वेळी कोंबडी उताणी ठेवून पोट उघडा, आतडी एका बाजूला घ्या, शेवटचं सरळ आतडं धरून मागच्या वाटेपर्यंत जा आणि ते आतडं हलकेच उचला, त्याच्या आणि पाठीच्या कण्याच्या मधे ही गोल पिशवी बसलेली दिसेल. रंग सायीसारखा, किंचित पिवळसर. कोंबडीत गोल असते, बदकात आणि हंसात लांबट बोटासारखी.

पक्ष्यांमधे शी, लघवीचा पांढरा भाग आणि अंडं या सगळ्यांची बाहेर पडायची वाट एकच, तिला क्लोएका म्हणतात. त्याचे तीन कप्पे असतात, पहिल्यात आतडं उघडतं, दुसऱ्यात मूत्रनळ्या आणि अंडनलिका, आणि तिसरा म्हंजे दाराजवळचा. या तिसऱ्या कप्प्याच्या छतातून एक छोटीशी नळी वर जाते आणि तिच्या टोकाला बर्सा. त्यामुळे तो बाहेरच्या जगाशी थेट जोडलेला असतो. पिल्लाच्या मागच्या वाटेवर काळ्या शाईचा थेंब ठेवला तर ते दार आकसत-उघडत तो थेंब आत ओढून घेतं आणि शाईचे कण बर्साच्या अस्तरात जाऊन बसलेले दिसतात. म्हंजे पिल्लू ज्या तुसावर बसतं त्या तुसातले जंतू पण रोज थोडे-थोडे तिथपर्यंत पोचतातच, आणि वाढणाऱ्या पिशवीला ही बाहेरची ओळख उपयोगी पडते.

तुम्ही चिरल्यावर ज्या घड्या दिसल्या त्या उभ्या असतात, साधारण दहा-बारा. एकेका घडीत बारीक बारीक गोळ्या दाटीनं भरलेल्या, सगळ्या मिळून आठ ते बारा हजार, त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि शरीरात ॲन्टिबॉडी (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या याच गोळ्यांमधे.

खायचं म्हणाल तर आतड्यांबरोबर हा भाग पण काढून टाकतातच, तसा टाका, कोंबडी खुशाल खा. सासूबाईंचा संशय मात्र अगदी उडवून लावू नका हं. चार महिन्यांच्या वरची कोंबडी असेल, बर्सा आकसायच्या ऐवजी कडक आणि गाठी-गाठींचा लागला, आणि बरोबर काळीज म्हंजे यकृत नेहमीपेक्षा खूप मोठं, पांढरे डाग पडलेलं असेल तर तो ल्युकोसिस नावाचा कोंबड्यांचा कॅन्सर असू शकतो आणि तो सुरूच बर्सातून होतो. माणसाला होत नाही तो, पण तसली कोंबडी पातेल्यात जायची नाही.

नागपूरहून बारावीचा एक विद्यार्थी: सर म्हणाले बी-सेलमधला बी म्हंजे बोन मॅरो. एका व्हिडिओत म्हणाले बर्सा. माणसाला तर बर्सा नसतो, मग हे कोंबडीचं नाव आमच्या पुस्तकात आलं कसं?

उत्तर: व्हिडिओवाला बरोबर आहे, बी-सेल म्हंजे वर सांगितल्या त्याच ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या पेशी, आणि बी बर्साचाच. बोन मॅरोचं अक्षर पण तेच निघालं हा निव्वळ योगायोग. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे म्हणून थोडी लांबण लावते.

इटलीत पाडुआ विद्यापीठात फॅब्रिशिअस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता, शिरांमधल्या झडपांचं वर्णन केलेला तोच. अंड्यातून पिल्लू कसं घडतं यावर त्यानं लिहून ठेवलं, ते तो वारल्यावर दोन वर्षांनी, १६२१ साली छापून आलं. त्यात या पिशवीचं वर्णन आहे. त्याला वाटलं कोंबडा लागला की वीर्य इथं साठून राहतं, एकदाच कोंबडा लागून पण कोंबडी बरेच दिवस फळती अंडी देते ना, त्याचं उत्तर त्याला हे वाटलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे, रक्ताभिसरणवाला, त्यानं बघितलं की ही पिशवी कोंबड्यात पण असते! मग ती साठवण कशाची? तिथून पुढं तीनशे वर्षं त्या पिशवीला नाव होतं आणि काम कुणालाच माहीत नव्हतं.

१९५०च्या आसपास अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा पोरगा पोल्ट्री विषयात संशोधन करत होता. प्राध्यापक हंस चिरून दाखवत होते, यानं विचारलं सर ही पिशवी कसली, सर म्हणाले प्रश्न चांगला आहे, तूच शोध. त्यानं वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्यांचे बर्से मोजले आणि लक्षात आलं की हा अवयव पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्यानं वाढतो, म्हणून त्यानं त्याच वयात पिल्लांचा बर्सा काढून टाकला. पिल्लं जगली, वाढली, वरवर काहीच फरक नाही. प्रयोग फसलाच म्हणायचा.

पुढं त्याचा मित्र टिमथी चँग याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, कोंबडीला साल्मोनेलाचं इंजेक्शन द्यायचं आणि रक्तात ॲन्टिबॉडी तयार झाल्या हे पोरांना दाखवायचं, एवढंच. कोंबड्या कमी पडल्या म्हणून ग्लिकच्या उरलेल्या कोंबड्या उसन्या घेतल्या. प्रात्यक्षिक बोंबललं, काही कोंबड्यांत ॲन्टिबॉडीच येईनात. पायातले नंबर जुळवून बघितले तर न आलेल्या सगळ्या बिनबर्साच्या! मग दोघांनी रीतसर प्रयोग केले, पेपर लिहिला, मोठ्या जर्नलनं परत पाठवला, शेवटी १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’मधे छापून आला. माणसांच्या डॉक्टरांपैकी ते मासिक कोण वाचणार? कित्येक वर्षं तो पेपर तसाच पडून. माझ्या मते हा विज्ञानाच्या इतिहासातला मोठा विनोद आहे, कोंबडीवाल्यांनी शोध लावला आणि इम्युनॉलॉजीवाल्यांना पत्ताच नाही.

१९६५ला मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी तो धागा पकडला. पिल्लू अंड्यातून बाहेर पडेपर्यंत बर्सातल्या काही पेशी शरीरात पसरलेल्या असतात, म्हणून नुसता बर्सा काढून चित्र स्वच्छ येत नाही. यांनी बर्सा काढला आणि वरून रेडिएशन देऊन पसरलेल्या पेशी पण मारल्या. अशा पिल्लांत ॲन्टिबॉडी शून्य. उलट थायमस ही मानेतली ग्रंथी काढून रेडिएशन दिलेल्या पिल्लांत ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या पेशी होत्या, पण परकी कातडी झिडकारायचं वगैरे काम बिघडलं. म्हंजे प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या फौजा, थायमसची टी आणि बर्साची बी. थायमसचं काम त्याआधी १९६१ला जॅक मिलर यांनी उंदरात दाखवलंच होतं. मिलर आणि कूपर दोघांना मिळून २०१९चा लास्कर पुरस्कार मिळाला.

मग माणसाचा बर्सा कुठाय म्हणून शोधाशोध सुरू झाली, टॉन्सिल झाले, अपेंडिक्स झालं, आणि सत्तरच्या दशकात कळलं की आपल्याकडे ते काम गर्भात यकृत आणि नंतर हाडातला मगज करतो. परीक्षेत काय लिहायचं ते सांगते: बी-सेल म्हंजे बर्सावरून नाव, माणसात तयार होतात बोन मॅरोमधे. दोन्ही लिही, मार्क कापायला जागा राहणार नाही.

आणि एक, पुस्तकात नसेल पण तुला आवडेल. माणूस ॲन्टिबॉडीची विविधता आणतो ती खूप सारे जीनचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून. कोंबडीकडे त्यासाठी चालू स्थितीतला मुख्य जीन एकेकच, एक हलक्या साखळीचा, एक जड साखळीचा (ॲन्टिबॉडी या दोन प्रकारच्या साखळ्यांची बनते). शेजारी मात्र मोडके, स्वतः न चालणारे जीन रांगेनं पडलेले. बर्सात बसलेली पेशी या मोडक्या जीनमधले छोटे छोटे तुकडे उचलून चालू जीनमधे कॉपी करत राहते, प्रत्येक पेशी वेगळी कॉपी, म्हणून प्रत्येकीची ॲन्टिबॉडी वेगळी. यातल्या बहुतेक पेशी, साधारण शंभरात पंच्याण्णव, बर्सातच मरतात, उरलेल्या बाहेर पडतात.

संगमनेरहून एक ब्रॉयलरवाले: कॉन्ट्रॅक्टवर पाच हजार पक्षी आहेत. लागोपाठ दोन बॅच, लासोटा ही मानमोडीची (राणीखेतची) लस वेळेवर करून पण मानमोडीसारखी लक्षणं आली, चौथ्या-पाचव्या आठवड्यात मरतूक. सुपरवायझर म्हणतो लस खराब होती, डॉक्टरांनी पीएम (शवविच्छेदन) केलं आणि म्हणाले बर्सा गेलाय. लस मानमोडीची आणि दोष बर्साचा, हे डोक्यात बसत नाही. आता लासोटा तीनदा करू का?

उत्तर: दादा, तीनदा करून काय होणार? लस म्हंजे काही औषध नाही, लस फक्त शत्रू दाखवते, ॲन्टिबॉडी बनवायची ती पक्ष्याच्या बी-पेशींनी. त्या पेशींची पिशवीच लहानपणी जळाली असेल तर लासोटा कितीही उत्तम कंपनीची असू दे, प्रतिसाद अर्धामुर्धाच येणार. तुमच्या डॉक्टरांनी नेमकी जागा दाखवलीय, त्यांचं ऐका.

बर्सा जाळणारा नंबर एक शत्रू गंबोरो. अमेरिकेत डेलावेअरमधे गंबोरो नावाचं गाव आहे, त्या भागातल्या फार्मवर १९५७च्या सुमारास तो पहिल्यांदा दिसला म्हणून हे नाव. आपल्या देशात त्याचा अतिशय जहाल प्रकार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि तेव्हा लेयरवाल्यांचं पेकाट मोडलं. हा व्हायरस बर्सातल्या कोवळ्या, वाढत्या बी-पेशींवरच तुटून पडतो. वयाच्या तीन ते सहा आठवड्यांत आला तर दिसतो: पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात, पांढरी पाणीदार हगवण, स्वतःचीच मागची वाट टोचतात, मरतूक एकदम चढते आणि पाच-सात दिवसांत उतरते. पण तीन आठवड्यांच्या आत आला तर मरतूक नाही, लक्षण नाही, सगळं आलबेल वाटतं, आणि आत बर्सा साफ. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्याचं बिल महिन्याभरानं मानमोडी, ई-कोलाय, सीआरडी (श्वासाचा जुनाट रोग) अशा दुसऱ्याच्या नावावर येतं आणि तुम्ही लशीला शिव्या घालत बसता.

हे नुकसान भरून का येत नाही तेही बघा. अंड्यातल्या पिल्लात पाचव्या दिवसाच्या आसपास बर्साचा कोंब दिसतो. साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातून मूळ पेशी येऊन त्यात घुसतात, तीच एकदाची भरती. त्यानंतर बाहेरून नवीन माल येत नाही, आत आहेत त्याच पेशी वाढायच्या. सगळ्या गोळ्या जळाल्या तर परत भरायला कुणी नाही, थोड्या वाचल्या असतील तर तेवढ्यापुरती दुरुस्ती होते.

आता स्वतः बघायला शिका. मेलेला पक्षी खड्ड्यात टाकायच्या आधी उघडायचा, रोज. लागण झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्सा सुजून दुप्पट होतो, वरून पिवळट जेलीसारखा थर, चिरलं तर आत रक्ताचे ठिपके, कधी सगळाच लालभडक. मांडीच्या आणि छातीच्या मांसात रक्ताच्या रेघा, किडन्या सुजलेल्या. पाचव्या दिवसापासून सूज उतरते आणि आठव्या दिवसापर्यंत तो मूळ वजनाच्या एक तृतीयांश, करडा, मलूल. म्हंजे उशिरा बघितलं तर सुजलेला नाही, बारीकच मिळणार. सोपी खूण सांगते, बर्सा आणि स्प्लीन (प्लीहा) शेजारी ठेवा, चार आठवड्यांपर्यंतच्या तब्येतीच्या ब्रॉयलरमधे बर्सा मोठा दिसायला पायजे. एका पक्ष्यावरून निकाल लावू नका, पाच-सहा बघा.

बारीक बर्सा म्हंजे गंबोरोच असंही नाही बरं का. मक्याला बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिननं पण बर्सा आकसतो, मरेक्स या व्हायरसच्या रोगानं आकसतो, सततच्या गर्मीनं आणि दाटीनं पण. म्हणून अर्धा बर्सा दहा टक्के फॉर्मॅलिनमधे आणि अर्धा बर्फावर घालून लॅबला पाठवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण लॅब आहे, डॉक्टरांच्या पत्रासकट पाठवा म्हंजे काय तपासायचं ते त्यांना कळेल.

लशीच्या वेळेचा पेच असा: आईकडून अंड्यातल्या बलकातून पिल्लाला तयार ॲन्टिबॉडी मिळतात, त्या ब्रॉयलरमधे साधारण तीन-चार दिवसांनी निम्म्या होत जातात. त्या भरपूर असताना गंबोरोची लस दिली तर लशीचा व्हायरसच मारला जातो, लस वाया. फार थांबलात तर शेडमधला जंगली व्हायरस आधी पोचतो. म्हणून बाराव्या-चौदाव्या दिवसाचा सरसकट आकडा हा अंदाज आहे, हॅचरीकडून किंवा पिल्लांचं रक्त तपासून लेव्हल कळली तर तारीख नीट काढता येते. आणि शेजारच्यानं ‘हॉट’ लस केली म्हणून तुम्ही पण करू नका, या ‘हॉट’ म्हंजे इंटरमीजिएट प्लस लशी आईच्या ॲन्टिबॉडी भेदून जातात खऱ्या, पण त्या स्वतःच बर्साला थोडा चटका देतात. जिथं रोगाचा जोर आहे तिथंच, डॉक्टरांना विचारून. पाण्यातून देताना क्लोरीन नको, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर, दोन तासांत पाणी संपलं पायजे.

पण तुमच्या दोन बॅच लागोपाठ गेल्यात, म्हणून मला लशीपेक्षा शेडचा संशय जास्त आहे. हा व्हायरस भलता चिवट, रिकाम्या शेडमधे १२२ दिवस जिवंत सापडलाय. तुसातले ते काळे किडे पण तो बाळगून असतात. तेव्हा जुनं तूस पूर्ण बाहेर, शेडपासून लांब, आधी साबणानं धुणं, घाणीवर मारलेलं जंतुनाशक फुकट. आयोडीनवालं किंवा फॉर्मॅलिन चालतं, नुसत्या क्वाटर्नरी अमोनियमवर विसंबू नका. तूस निघायच्या आधीच, शेड गरम असताना किड्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर ते फटीत जाऊन बसतात आणि नवीन पिल्लांबरोबर परत हजर. कंपनी पिल्लं लवकर टाकायची घाई करेल, तुम्ही दोन आठवडे शेड रिकामी मागून घ्या. भांडावं लागलं तर भांडा.

सांगलीहून एक लेयरवाले: बर्सा वयात येताना जातोच म्हणता, मग मोठ्या कोंबडीला लस देऊन उपयोग काय?

उत्तर: उपयोग आहे, कारण तोपर्यंत बर्सातून निघालेल्या पेशी स्प्लीनमधे, आतड्याजवळच्या सीकल टॉन्सिलमधे, डोळ्यामागच्या हार्डेरिअन ग्रंथीत, हाडाच्या मगजात ठाण मांडून बसलेल्या असतात आणि तिथंच वाढत राहतात. डोळ्यात थेंब टाकून लस देतो ती त्या ग्रंथीलाच तर भेटते. कोंबडीला आपल्यासारख्या लसिकागाठी नसतात, त्यामुळे या जागांवरच सगळी भिस्त. मोठ्या कोंबडीत तयार पेशींची फौज असते, पिल्लात ती तयारच व्हायची असते, एवढाच फरक. म्हणून तर ग्लिकनं मोठ्या कोंबड्यांचा बर्सा काढला असता तर त्याला काहीच दिसलं नसतं.

कोल्हापूरहून एक कबूतरवाले: कबुतरांना, पोपटांना पण असतो का हा बर्सा? आणि इमूला?

उत्तर: सगळ्या पक्ष्यांना असतो, आणि फक्त पक्ष्यांनाच. शहामृग-इमूत तो वेगळी गोल पिशवी म्हणून नसतो, मोठ्या तोंडानं क्लोएकाच्या शेवटच्या कप्प्यातच मिसळलेला असतो. (इमूंचं आपल्याकडे काय झालं ते ज्यांनी पैसे घातले त्यांना विचारा, तो विषय इथं नको.) जंगली पक्ष्यांवर काम करणारे याचा झकास उपयोग करतात, तित्तिर-बदक जातीच्या पक्ष्यात बर्साची खोली मोजून ते तरुण आहे की पूर्ण वाढलेलं ते ठरवतात.

तुमच्या कामाचं म्हंजे, कबुतरांत आणि पोपटांत सर्कोव्हायरस नावाचे बारीक व्हायरस असतात आणि ते पण पिल्लांचा बर्साच धरतात. पोपटात पिसं वेडीवाकडी येतात, चोच बिघडते. कबुतरात तसं काही दिसत नाही, नुसती पिल्लं खंगतात, एकाला सर्दी, एकाला हगवण, दुसऱ्याला तोंडात फोड, औषध बदलत राहायचं आणि गुण येत नाही. उन्हाळ्यात नवीन पाखरं आणलीत आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांत असं सुरू झालं असेल तर अँटिबायोटिक बदलणं थांबवा, मेलेलं एक पिल्लू उघडून बर्सा बघून घ्या, आणि नवीन पाखरू आणलं की निदान महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या पाण्यावर.